नानांचा गॅस आणि लायक मनुष्य

रत्नागिरीत आम्ही ज्यांच्या घरात बिऱ्हाड केलं, त्या घरमालकांनी भाडं ठरवायच्या आधी माझी परीक्षा घेतली. माझे यजमान हायस्कुलात नव्यानं लागलेले मास्तर आणि मी साताऱ्याकडची नवी नवरी. ट्रंका ओटीवर ठेवलेल्या, आम्ही दोघं समोर उभे. यजमानांना त्यांनी काहीच विचारलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "स्टोव्ह पेटवता येतो?"

"येतो."

"कोणी शिकवलं?"

"पुण्याच्या नणंदेनं."

"त्यांना कोणी शिकवलं?"

मी यजमानांकडे पाहिलं. ते आढ्याकडे बघत होते. मी चाचरत म्हटलं, "त्यांच्या सासूबाईंनी शिकवलं असेल."

"असेल?" घरमालकांनी तपकिरीची चिमूट नाकाशी नेता नेता थांबवली. "असेल म्हणजे माहीत नाही. सासूबाईंना कोणी शिकवलं तेही माहीत नसणार. म्हणजे मुळात कोणाला कोणी शिकवलंय की नाही याचाच पत्ता नाही, आणि ते यंत्र तुम्ही माझ्या कौलांखाली पेटवणार!"

शेवटी असं ठरलं, की रोजचा स्वयंपाक मी चुलीवर करायचा आणि दर रविवारी सकाळी अंगणात, त्यांच्या देखत, स्टोव्ह पेटवून दाखवायचा. मी पिन मारायची, हवा भरायची, आणि ते फणसाच्या बुंध्याआड ओलं गोणपाट घेऊन उभे राहायचे. आळीतली माणसं कुंपणाच्या गडग्यावरून बघायची. पुढे एका रविवारी ते गोणपाट न घेताच आले. मी पास झाले, हे मला त्यावरून कळलं.

गाव त्यांना नाना म्हणायचं. बंदरावरच्या कस्टमच्या कचेरीत त्यांनी उभा जन्म काढला होता. गलबतांतून उतरणारं प्रत्येक पोतं उघडून बघायची सवय पेन्शनीत आल्यावरही गेली नाही, फक्त आता पोती नव्हती, माणसं होती. उंच, काटकुळे, घरातसुद्धा धोतरावर बंद गळ्याचा कोट. तपकीर एवढी ओढायचे, की कोटाचा पुढचा भाग कायम मातकट. "काम कुठलंही असो, लायक मनुष्य पाहिजे," हे त्यांचं वाक्य. न्हावी नवा आला की त्याला आधी एक न सोललेला नारळ भादरायला देत. आगरात माडांवर चढायला एकदा नवा पाडेली आला. नानांनी विचारलं, "कितीदा पडलास?"

तो छाती काढून म्हणाला, "एकदाव नाय."

"मग पडल्यावर काय होतं हे तुला ठाऊकच नाही. जा घरी."

नंतर एक लंगडा पाडेली आला. तो दोनदा पडलेला होता. त्याला त्यांनी कायमचा ठेवला.

लोक म्हणत, नानांची बायको बाळंतपणात गेली, सुईण अडाणी होती, तेव्हापासून यांच्या डोक्यानं हे घेतलं. मला ते पटलंही असतं. पण घरात त्यांच्या थोरल्या विधवा बहीण होत्या, आत्याबाई. त्या म्हणाल्या, "कसलं काय गो! मी सांगत्ये तुला. ह्याची स्वतःची मुंज होती, आठ वर्षांचा होता, तर भर मांडवात भटजींना विचारलंन, तुमची मुंज झाल्ये का, नि लावलीन कोणी?"

नानांची मुलगी कमू तेव्हा सोळा-सतरा वर्षांची असेल. मराठी सातवी झालेली, सावळी, बोलायला मोकळी. माझ्याहून दोनतीन वर्षांनीच लहान, त्यामुळे माझी एकुलती मैत्रीण तीच.

तर गॅस. आमच्या आळीत वीज यायला अजून पुष्कळ वर्षं होती. सगळीकडे रॉकेलचे कंदील नाहीतर चिमण्या. अशात कोणी एक गोरा अंमलदार बदली होऊन गेला, त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला, आणि लोक टेबलं-खुर्च्या घेत असताना नानांनी गॅसचं यंत्र घेतलं. लोखंडी टाकीत कार्बाइडचे खडे टाकायचे, त्यावर पाणी सोडायचं, की गॅस होतो. तो पाण्यावर तरंगणाऱ्या पिंपाखाली साठतो आणि तिथून नळ्यांनी घरभर जाऊन भिंतीवरच्या दिव्यांत पांढराशुभ्र जळतो. यंत्र मागल्या पडवीत बसलं. नळ्या लोहारानं बसवल्या. "लोखंडाला लोहार लायकच," असं नाना म्हणाले. माजघरात, ओटीवर, देवघरात पितळी चोचींचे दिवे लागले.

लागले म्हणजे भिंतीला लागले. पेटवणार कोण? त्याला लायक मनुष्य कुठे होता?

आम्ही राहायला गेलो तेव्हा त्या दिव्यांना दोन पावसाळे झाले होते. माजघरातल्या दिव्यावर आत्याबाई जपमाळ अडकवत. ओटीवरच्या दिव्याला नानांची छत्री. घरात सगळे चिमणीच्या उजेडात जेवत, आणि वर भिंतीवर पितळ चमके. आत्याबाई एकदा नुसत्या म्हणाल्या, "लावून तरी बघू या," तर नाना त्या दिवशी उपाशी राहिले.

लायक मनुष्याचा शोध मात्र चालूच होता. लग्नाच्या वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालणाऱ्यांचा मुकादम आला. नानांनी विचारलं, "हा गॅस जड की हलका?" मुकादम म्हणाला, "आमच्या पोरांना चार कोस घेऊन चालवतो नाना, जडच म्हणायचा." तो गेला. इस्पितळातला कंपाउंडर आला, त्यानं यंत्राला बाहेरून हात लावून ताप बघितला. मग बाजारातल्या सोडावॉटरच्या कारखान्याचे मालक, काझीमियां, यांना नानांनी मुद्दाम बोलावून घेतलं. बाटलीत गॅस भरणारा तालुक्यातला एकटाच माणूस.

काझीमियांनी यंत्राभोवती फेरी घातली, दाढी कुरवाळली आणि म्हणाले, "नाना, खरं सांगू? तुमचा गॅस वेगला, माझा गॅस वेगला. माझा गॅस पोटात जातो, ढेकर येते, मानूस खूश. तुमचा गॅस कुठं जाल नि काय येल, अल्ला जाने."

नानांना ते उत्तर फार आवडलं. "हा मनुष्य लायक आहे," ते मला म्हणाले, "पण सोड्याला."

अशात कमूला एक स्थळ सांगून आलं. पालीच्या बाजूचं घराणं, मुलगा मुंबईला नोकरीत. मध्यस्थानं नोकरी सांगितली आणि नाना आसनावरून उठलेच. मुलगा गॅस कंपनीत होता.

मी नानांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. लायक मनुष्य आणि जावई एकाच टोपीखाली चालून येत होता. ज्या माणसानं न्हाव्याकडून नारळ भादरून घेतले, त्यानं या मुलाला एक प्रश्न विचारला नाही. पत्रिका कशीबशी बघितली आणि निरोप धाडला, तुळशीच्या लग्नाआधी मुलगी बघून जा, आणि आल्यासरशी उजेड करून जा.

पाहुणे दुपार कलताना आले. मुलगा, त्याचे वडील, आई, मामा. मुलगा दिसायला नीटस होता, बिचाऱ्याचा कोट मुंबईहून नवा शिवून आणलेला. ओटीवर बसल्या बसल्या नानांनी त्याला यंत्राबद्दल सांगितलं. मुलाच्या चेहऱ्यावर घाम फुटलेला मी दाराआडून बघितला. पण त्याचे वडील मांडी थोपटून म्हणाले, "आहे काय त्यात! आमचा मुलगा दिवसभर गॅसमध्येच असतो!"

मुलगा उठला. करणार काय? त्यानं नानांना मागल्या पडवीत उभं केलं, पिंप वर येतंय का बघा म्हणून सांगितलं, टाकीत डबाभर खडे ओतले, वर घागरभर पाणी. आत खदखदायला लागलं. मग तो माजघरात गेला आणि वाऱ्यानं काडी विझू नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या.

स्वयंपाकघरात मी आणि आत्याबाई पोहे करत होतो. चातुर्मास असल्यानं कांदासुद्धा नव्हता, नुसते ओलं खोबरं घातलेले. कमू कोपऱ्यात नऊवारी सावरत बसलेली. एकाएकी आत्याबाईंनी नाक वर केलं.

"सूनबाई, लसूण घातलास?"

"नाही हो आत्याबाई!"

"खोटं बोलू नको. चातुर्मासात, माझ्या चुलीवर, पाहुण्यांसमोर! अगो, घरभर भपकारा सुटलाय!"

मी रडायच्या बेतात होते. आत्याबाई मागल्या दारात जाऊन ओरडल्या, "अरे ऐकतोयस का, तुझ्या भाडेकरणीनं पोह्यांत लसूण घातलाय!"

नाना पिंपाकडे टक लावून उभे होते. ते वळले. त्यांचा चेहरा असा पांढराफटक झालेला मी आधी पाहिला नव्हता. "लसणीचा वास? तुला येतोय?"

"तुला येत नाही होय?"

नानांना कसला वास येणार! त्यांचं नाक तपकिरीनं केव्हाच गेलेलं. पण कार्बाइडच्या गॅसला लसणीचा वास असतो, हे त्यांनी कुठल्याशा पुस्तकात वाचून ठेवलं होतं. ते माजघराच्या दाराशी धावले. आत खिडक्या बंद. मुलगा एका हातात आगपेटी आणि दुसऱ्या हातात काडी घेऊन नळीच्या सांध्याशी वाकलेला.

"काय करताय?"

"गळतंय कुठेतरी," मुलगा म्हणाला. "कुठे ते बघतो."

आणि त्यानं काडी आगपेटीला टेकवली.

पडवीत रहाटाच्या पाण्यानं भरलेली कळशी होती. नानांनी ती उचलली कधी आणि मारली कधी, कोणालाच कळलं नाही. मुलगा, काडी, आगपेटी, मुंबईचा कोट, सगळं एकदम चिंब झालं. तिथून नाना स्वयंपाकघरात आले आणि दुसरी कळशी चुलीवर ओतली. पोहे तरंगायला लागले. "बाहेर! सगळे बाहेर! खिडक्या उघडा!" देवघरातला नंदादीप त्यांनी स्वतःच्या हातानं विझवला. ते बघून आत्याबाई मटकन खाली बसल्या, त्यांना कमूनं आणि मी दंडाला धरून बाहेर काढलं.

अंगणात फणसाखाली सगळे उभे राहिलो. नाना काठी घेऊन फाटकात, बेड्याशी, कोणी विडी ओढत येतंय का बघत. तुळशीपुढची पणतीही त्यांनी विझवली होती. भिजलेला मुलगा थरथरत होता आणि वडील संतापानं थरथरत होते.

"अहो, हा अपमान आहे! माझा मुलगा गॅस कंपनीत आहे!"

नाना मुलापाशी आले. आवाज चढवला नाही. "कंपनीत तुम्ही काय करता?"

मुलानं एकदा वडिलांकडे बघितलं. "बिलं लिहितो."

कोटातून पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज.

"मग काडी कशाला ओढत होतात?"

"फिटर लोक असंच करत असतील, असं वाटलं."

त्याच वेळी फणसाच्या पलीकडून खुदकन आवाज आला. कमू. तिनं पदर तोंडात कोंबला होता, पण हसणं काही थांबेना. तिचं बघून मला हसू आलं, आणि गंमत म्हणजे तो भिजलेला मुलगाही हसला. तसा तो भला होता. पण त्याच्या वडिलांनी त्याला बखोटीला धरून बैलगाडीत बसवलं. नानांनी घाईघाईनं शहाळी उतरवून घेतली होती, ती पाहुण्यांनी घेतली नाहीत. गाडी वळणाशी जाईपर्यंत नाना हात जोडून उभे होते. "मुलगा वाईट नाही," ते आम्हाला म्हणाले. "चूक माझी. मी विचारलं नाही."

मग गावभर झालं. जावयाला कळशी मारणारं घर. एक स्थळ परस्पर फिरलं, दुसऱ्यानं मुलीची पत्रिकाच परत पाठवली. आत्याबाई रोज जपमाळ घेऊन बसायच्या आणि भावाला ऐकू जाईल अशा बेतानं देवाशी बोलायच्या. कमू हसण्यावारी न्यायची, पण एकदा विहिरीवर माझ्याशी बोलता बोलता गप्प झाली आणि म्हणाली, "वहिनी, मला कोणी बघायला आलं तर नाना मला बघू देतील, की त्यांचं तेच बघतील?" मी तिची कळशी भरून दिली.

नानांनी मुंबईच्या चुलत भावाच्या मागे लागून शेवटी खराखुरा लायक मनुष्य मिळवला. आगबोट लांब समुद्रात उभी राही, माणसं पडावातून काठाला येत. त्या पडावातून एक ठेंगणे, जाडे गृहस्थ उतरले. डोक्याला हॅट, पायात तपकिरी बूट, बोट लागून चेहरा हिरवा पडलेला. नानांनी बंदरावरच त्यांचा दाखला मागितला. गृहस्थांनी पिशवीतून काढून दिला. नानांनी तो वाचला, उलटा करून पाठ बघितली, उन्हासमोर धरला. मग गृहस्थ म्हणाले, "आता तुमचा."

"माझा कसला?"

"घर तुमचं कशावरून? मालकाखेरीज दुसऱ्याच्या सांगण्यावरून मी गॅसला हात लावत नाही."

नानांचे डोळे पाण्यानं भरले. मी खोटं सांगत नाही. आयुष्यभर ज्याला शोधत होते तो भेटला होता. घरी आल्यावर त्यांनी घराचा उतारा काढून दाखवला, तेव्हाच गृहस्थांनी बूट काढले.

दोन दिवस त्यांनी घर उलथंपालथं केलं. एका वाटीत साबणाचं पाणी घेऊन सगळ्या सांध्यांना फासलं. लोहाराच्या जवळजवळ प्रत्येक सांध्यावर बुडबुडे आले. "गळती अशी बघतात," ते म्हणाले. "काडीनं बघितली असती तर कौलं भाट्याच्या खाडीत शोधायला लागली असती." यंत्र पडवीतून उचलून आगरात, चहूबाजूंनी उघड्या, पत्र्याच्या मांडवाखाली नेलं. सांधे नवे बसले. मग ते म्हणाले, "हे यंत्र एकाच माणसाच्या हातात राहिलं पाहिजे. कोण?"

"मी," नाना कोट ओढून उभे राहिले.

गृहस्थांनी एका सांध्याची फिरकी जराशी सैल केली. "कसला वास येतोय?"

नानांनी खूप वेळ नाक ओढलं. "कसलाच नाही."

"मग तुम्ही नालायक."

आत्याबाईंनी मला मागे ओढलं. नाना मात्र सावकाश मान हलवत म्हणाले, "बरोबर आहे." आत्याबाईंचं नाक उत्तम होतं, पण त्या यंत्राला शिवणार नव्हत्या. मी भाडेकरीण, आज आहे उद्या नाही. राहिली कमू. तिनं पदर खोचला, वास ओळखला, फिरकी बंद केली, आणि गृहस्थांनी विचारायच्या आधी खिडक्या उघडून आली. दोन दिवस ती त्यांच्या मागे मागे हिंडत होती, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

"हिला दाखला लिहून द्या," नाना म्हणाले.

"दाखले द्यायचा मला अधिकार नाही."

"बघा!" नाना हर्षानं आमच्याकडे वळले. "बघा लायक मनुष्य!"

दिवेलागणीला कमूनं माजघरातला दिवा पेटवला. आम्ही सगळ्यांनी एकमेकांना जणू पहिल्यांदाच बघितलं. आत्याबाई एवढ्या गोऱ्या आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

लांज्याच्या शाळेतल्या एका मास्तरांचं स्थळ आलं, ते त्यानंतरच्या वर्षी. या वेळी नानांनी मुलाला ओटीवर बसवलं आणि म्हणाले, "मला काही विचारायचं नाही. ती विचारील." असं कधी कोणी ऐकलं नव्हतं. आत्याबाई आत जपमाळ ओढायला लागल्या. कमू दारात उभी राहिली आणि म्हणाली, "घरात कसलातरी वास आला नि काय ते कळेना, तर काय कराल?"

मास्तरांनी थोडा विचार केला. "मी बाहेर जाईन," ते म्हणाले, "आणि तुम्हाला हाक मारीन."

लग्न ठरलं.

कमू सासरी गेली त्या संध्याकाळी नानांनी टाकीतलं पाणी सोडून दिलं, दिव्यांच्या फिरक्या घट्ट केल्या आणि चिमणी पुसायला घेतली. आत्याबाई वैतागल्या. एवढा खर्च, एवढी यातायात, आणि परत अंधार! पण नाना ऐकेनात. घरात लायक मनुष्य नव्हता.

त्यामुळे आळीला एक खूण मिळाली. दिवाळीला, शिमग्याला, मधेच केव्हातरी, त्या घराच्या खिडक्या पांढऱ्या झाल्या, की रस्त्यानं जाणारा येणारा समजून जायचा. काझीमियां सोड्याच्या बाटल्यांची हातगाडी बेड्याशी थांबवून हाक घालायचे, "कमूताय आली काय गो?"

आमची बदली व्हायच्या आधीच्या वर्षी, श्रावण नुकताच लागला होता, सण नाही वार नाही, आणि खिडक्या उजळल्या. कमू अशी अवेळी का आली? तेव्हा आम्ही आळीच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेलो होतो. मी तशीच इरलं घेऊन धावले. आगरात, मांडवाखाली, कमू यंत्राशी वाकली होती. सातवा महिना असावा. पहिल्या बाळंतपणाला आली होती, जरा लवकरच. मास्तर छत्री घेऊन बरेच लांब उभे होते. नाना तिच्या शेजारी, दोन्ही हातांत साबणाच्या पाण्याची वाटी धरून, तीर्थ धरावं तशी. कोटावर तपकिरीचा एक कण नव्हता. मी विचारलं, तर मास्तर हळूच म्हणाले, "सहा महिने झाले सोडली. नाक परत येतं का बघतायत."

कमूनं वाटीत बोट बुडवलं, सांध्याला लावलं आणि बुडबुडा येतो का याची वाट बघत राहिली. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"हलू नका हं, नाना," ती म्हणाली.

नाना हलले नाहीत.